पाणी केव्हा फुटते? : एका शोधाचा इतिहास



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा असे सांगितले, की इतिहासाचा शिक्षक सहसा एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा एखादा राज्यकर्ता निवडतो. यंदा मी तसे केलेले नाही. मी बी.ए., बी.एड्. झालेला माणूस, पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही पाणी, आवाज आणि बुडबुडा यांच्या इतिहासावर लिहावयास बसलो आहे. त्याला कारण आमच्याच शाळेतून दहावी झालेला एक मुलगा आहे.

दहावीनंतर आय.टी.आय. करून हा मुलगा चाकणच्या बाजूला एका लहान कारखान्यात लागला. इंजिनाचे सुटे भाग धुण्याच्या कामावर त्याला ठेवले होते. रमजान ईदच्या दिवशी तो मला भेटावयास आला. शीरखुर्म्याची वाटी त्याच्या हातात तशीच राहिली होती. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, नोकरी टिकेल असं वाटत नाही."

हकीकत अशी होती. भाग धुण्यासाठी तेथे स्टीलची एक टाकी आहे. टाकीच्या तळाला बाहेरून स्फटिकाच्या चकत्या बसविलेल्या असतात. वीज दिली की त्या सेकंदाला हजारो वेळा थरथरतात आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडतात. हा ध्वनी पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे निर्माण करतो आणि ते फुटताना भागाच्या बारीक भोकांतील तेल व लोखंडाचा कीस बाहेर काढतात. कारखान्यात हिला सर्वजण 'अल्ट्रासॉनिक टाकी' म्हणतात. रोज सकाळचा पहिला लॉट तपासणीत नापास होऊन परत येत होता. भोकांत कीस तसाच राहिलेला असे. सुपरवायझरचे म्हणणे सरळ होते : यंत्र चालू आहे, आवाज येतो आहे, तेव्हा चूक यंत्राची नाही, तुझीच आहे. दोन वेळा त्याची मजुरी कापली गेली होती.

मुलाने मला एकच प्रश्न विचारला. "सर, आवाज येतोय म्हणजे टाकीचं काम सुरू झालं, असं धरायचं का?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. आमच्या विज्ञान शिक्षकांना विचारले, ग्रंथालय धुंडाळले, आणि मग लक्षात आले की हाच प्रश्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना सतावीत आला आहे. पाण्यात बुडबुडे फुटण्यास नेमकी केव्हा सुरुवात होते आणि ती सुरुवात ओळखावयाची कशी, या प्रश्नाचा इतिहास असा आहे.

चहाच्या पातेल्यापासून सुरुवात

घराघरांत आपण चहाचे पाणी ठेवतो. पाणी उकळण्यापूर्वी पातेल्यातून सूं सूं असा आवाज येऊ लागतो. नीट लक्ष दिल्यास असे आढळेल की पाणी खळखळून उकळू लागले की हा आवाज उलट कमी होतो. असे का व्हावे? तळाशी पाणी जास्त तापलेले असते. तेथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, वर येतात आणि वरच्या थंड पाण्यात पोहोचताच एकदम मिटून जातात. तो आवाज बुडबुडे होण्याचा नव्हे, मिटण्याचा असतो.

पाणी तापविल्यावर उकळते हे सर्वांना माहीत आहे. परंतु तापविण्याऐवजी पाण्यावरील दाब पुरेसा कमी केला तरी ते थंड असतानाच उकळते, आणि दाब पूर्ववत होताच ते बुडबुडे मिटून जातात. इंग्लंडमधील मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९४ साली हे एका काचेच्या नळीत दाखविले. नळी मध्येच चिमटलेली होती. पाणी जोराने सोडले की चिमटलेल्या जागी त्याचा वेग वाढे, दाब घटे, आणि थंड पाणी उकळू लागे. त्या क्षणी नळीतून फुस्स असा आवाज येई. सुरुवात ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे माणसाचा कान होय, असे म्हणावयास हरकत नाही.

जहाजांचे पंखे का थकले?

त्याच वर्षांत ब्रिटिश आरमार एका विचित्र अडचणीत सापडले होते. 'डेअरिंग' नावाच्या नव्या विनाशिकेच्या १८९४ सालच्या चाचण्यांत इंजिनाची शक्ती वाढविली तरी जहाजाचा वेग अपेक्षेइतका वाढेना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी या अभियंत्यांनी १८९५ साली याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. पंखा फार जोराने पाणी ढकलू लागला की त्याच्या पात्यामागे दाब इतका घटतो की तेथे पाणी तुटते आणि पोकळी पडते. मग पंखा पाण्याऐवजी त्या पोकळीतच फिरत राहतो. आर. ई. फ्रूड यांनी या घटनेला 'कॅव्हिटेशन' हे नाव सुचविले. आपल्या भाषेत त्यास 'पोकळी पडणे' असे म्हणता येईल.

चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या नौकेचेही असेच झाले. तिचे वाफेचे टर्बाइन उत्तम होते. पण १८९४ सालच्या पहिल्या चाचण्यांत तिला २० नॉट वेगही गाठता आला नाही. पार्सन्स यांनी तर्क करीत न बसता पोकळी डोळ्यांनी पाहण्याचे ठरविले. १८९५ साली त्यांनी एक लहानशी बंद जलवाहिनी तयार केली. तिच्यात अवघ्या दोन इंची पंखा बसविला, वरील हवेचा दाब कमी केला, आणि पंखा स्थिर दिसावा म्हणून फिरत्या आरशाने प्रकाशाचे झोत सोडले. पात्यांवर पोकळी कोठे आणि केव्हा सुरू होते हे अशा प्रकारे प्रथमच दिसले. त्यानंतर त्यांनी नौकेला एकाऐवजी तीन दांडे आणि नऊ पंखे बसविले. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात टर्बिनिया सुमारे ३४ नॉट वेगाने, म्हणजे तासाला ६० किलोमीटरहून अधिक वेगाने, साऱ्या आरमारासमोरून निघून गेली.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंखा फिरत होता, इंजिन धडधडत होते, आवाजही येत होता. पण काम होत नव्हते. कोठे बिघडले आहे हे ओळखण्यासाठी जे दिसत नाही ते दिसेल अशी सोय करावी लागली.

रेली यांचे गणित

पुढे असे आढळले की पोकळ्या केवळ वेग खात नाहीत, त्या धातूही खातात. जहाजांच्या पितळी व काशाच्या पंख्यांना कुरतडल्यासारखे खड्डे पडत. पाण्याच्या बुडबुड्याने धातू कसा कुरतडावा? लॉर्ड रेली यांनी १९१७ साली याचे गणित मांडले. रिकामी पोकळी चोहोबाजूंच्या पाण्याने मिटवली की ते पाणी मध्यबिंदूकडे प्रचंड वेगाने धावते. पोकळीची त्रिज्या मूळच्या एक विसांश झाली की लगतच्या पाण्यातील दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १२६० पट होतो, असे त्यांचे उत्तर आले. महासागराच्या सर्वांत खोल तळाशीही इतका दाब नसतो. हा दाब मात्र टाचणीच्या टोकापेक्षा लहान जागेत आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच येऊन जातो.

चाकणच्या टाकीत कीस काढणारी शक्ती हीच. आणि टाकीत भाग गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला तर त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे उठविणारी शक्तीही हीच.

ध्वनीचा प्रवेश

येथवर पोकळी वेगाने पडत होती. ध्वनीचा संबंध अजून आला नव्हता. तो पहिल्या महायुद्धात आला. जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची जहाजे बुडवीत होत्या आणि पाण्याखाली त्या शोधाव्यात कशा, हा प्रश्न होता. फ्रान्सचे पॉल लाँजव्हँ यांनी क्यूरी बंधूंनी दाखविलेल्या गुणधर्माचा उपयोग केला. क्वार्ट्झसारख्या स्फटिकाला वीज दिली की तो आकसतो व पसरतो. अशा स्फटिकांनी त्यांनी तूलाँ बंदराच्या पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू येण्यापलीकडील, ध्वनी सोडला. ध्वनीच्या वाटेत आलेले लहान मासे मरून पडत आणि पाण्यात हात घातल्यास तीव्र वेदना होत, असे तेथे आढळले.

हे प्रयोग पाहून गेलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी पुढे आल्फ्रेड लूमिस यांच्याबरोबर अशा ध्वनीचा सविस्तर अभ्यास केला व १९२७ साली तो प्रसिद्ध केला. ध्वनी म्हणजे दाबाची लाट. लाटेच्या एका अर्ध्या भागात पाणी दाबले जाते, दुसऱ्या अर्ध्या भागात ताणले जाते. ताण पुरेसा असला की पाणी तुटते आणि बुडबुडा होतो. पुढच्या दाबात तो मिटतो. जे जहाजाचा पंखा करीत होता, तेच आता स्थिर पाण्यात केवळ ध्वनीने होऊ लागले.

भारतातही या काळात श्राव्यातीत ध्वनीवर मोलाचे काम झाले. बंगलोर येथे सर सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ साली द्रवातील अशा ध्वनिलहरींतून प्रकाश जाताना तो कसा विभागला जातो याची उपपत्ती मांडली. न ऐकू येणारा ध्वनी प्रकाशाच्या साहाय्याने पाहता येऊ लागला. आजही पाठ्यपुस्तकांत ती 'रामन-नाथ' या नावानेच शिकविली जाते.

सुरुवात ओळखण्याच्या चार वाटा

आता मुख्य प्रश्न. ध्वनी हळूहळू वाढवीत नेला तर पाणी नेमके कोणत्या क्षणी तुटू लागते? शास्त्रज्ञ या मर्यादेला 'उंबरठा' म्हणतात. उंबरठ्याच्या अलीकडे ध्वनी पाण्यातून नुसता जातो. उंबरठा ओलांडला की पाण्यात बुडबुड्यांचे काम सुरू होते. तो ओलांडला गेला हे कळण्याच्या मुख्यतः चार वाटा सापडल्या.

पहिली वाट कानाची. स्फटिकाचा मूळ ध्वनी ऐकू येत नाही; परंतु बुडबुडे मिटू लागले की त्यांचा स्वतःचा चर्र असा आवाज होतो आणि तो ऐकू येतो.

दुसरी वाट डोळ्याची. कोलोन येथील फ्रेंझेल आणि शुल्टेस यांना १९३४ साली असे आढळले की श्राव्यातीत ध्वनी सोडलेल्या पाण्यातून अगदी मंद प्रकाश बाहेर पडतो. मिटताना बुडबुड्यातील वायू इतका दाबला जातो की तो क्षणभर हजारो अंशांपर्यंत तापतो. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत केनेथ सस्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तापमान सुमारे ५००० अंश असल्याचे मोजले. टाकीतील पाणी मात्र त्या वेळी हात घालण्याइतके कोमटच असते.

तिसरी वाट रसायनाची. एवढ्या उष्णतेत पाण्याचे रेणूही तुटतात. पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घातले असल्यास त्यातून आयोडीन सुटते आणि स्टार्चचे दोन थेंब टाकताच पाणी निळे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून आपण जो निळा रंग पाहतो, तोच हा. निळा रंग आला म्हणजे उंबरठा ओलांडला गेला.

चौथी वाट सर्वांत नाजूक आहे. पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, ठेवून त्यात येणारे सूर वेगळे करून पाहावयाचे. जर्मनीतील एशे यांनी १९५२ साली असे दाखविले की बुडबुडे काम करू लागले की मूळ सुराबरोबर त्याच्या निम्म्या कंपनसंख्येचा सूर उमटतो आणि मागाहून खरखर वाढत जाते. टाकी सेकंदाला २८,००० वेळा थरथरत असेल, तर १४,००० चा सूर निघतो. मूळ सूर कोणालाही ऐकू येत नाही; पण हा निम्मा सूर तरुण कानाला ऐकू येऊ शकतो. स्फटिक स्वतः तो सूर देत नाही. तो बुडबुड्याचा असतो. म्हणून तो सुरुवातीचा विश्वासू साक्षीदार मानला जातो.

उत्तरे जुळेनात

साधने मिळाली, तरी एक पंचाईत उभी राहिली. एका प्रयोगशाळेतला उंबरठा दुसरीतल्याशी जुळेना. इतकेच काय, एकाच प्रयोगशाळेत सोमवारचे उत्तर मंगळवारच्या उत्तराशी जुळत नसे. नळाचे साधे पाणी, ध्वनीचा ताण हवेच्या दाबाइतका झाला की तुटू लागे. एवढ्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक तृतीयांश वॅट इतकाच ध्वनी पुरतो. उलट, गॅलोवे यांनी १९५४ साली अतिशय स्वच्छ आणि हवा काढून टाकलेले पाणी घेतले, तेव्हा ते सुमारे २०० पट ताण सोसून राहिले. सिद्धान्ताप्रमाणे तर शुद्ध पाण्याने हजार पटींहून अधिक ताण सोसावयास हवा होता.

याचे उत्तर एका जीवशास्त्रज्ञाकडून आले. न्यूटन हार्वे हे अमेरिकेत, समुद्रातून वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या व उंच उडणाऱ्या वैमानिकांच्या रक्तात बुडबुडे का होतात, याचा अभ्यास करीत होते. त्यांनी १९४४ साली असे मांडले की बुडबुडा शून्यातून जन्मत नाही. धुळीच्या कणाच्या फटीत किंवा भांड्याच्या ओरखड्यात हवेचा सूक्ष्म ठिपका आधीच दडलेला असतो. ताण पडला की तो फुगतो. पाणी आधी प्रचंड दाबाखाली ठेवले तर हे ठिपके विरघळून जातात आणि मग तेच पाणी सहजासहजी तुटत नाही, असेही त्यांनी दाखविले. हार्वर्ड विद्यापीठात ब्लेक यांनी १९४९ साली, असा ठिपका किती लहान असल्यास किती ताणाने फुगेल, याचे सूत्र दिले. पुढे १९६२ साली सेट्टे आणि वाँडरलिंग या इटालियन शास्त्रज्ञांनी तर असे दाखविले की अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळेही पाण्याचा उंबरठा खाली येतो.

म्हणजे इतकी वर्षे शास्त्रज्ञ पाण्याची मर्यादा मोजीत आहोत असे समजत होते. प्रत्यक्षात ते पाण्यातील हवा आणि धूळ मोजीत होते. पाणी कधीच एकटे नसते. या साऱ्या इतिहासाचा गाभा माझ्या मते हाच आहे.

आता आणखी एक बारकावा, कारण आमच्या मुलाचा प्रश्न त्यावरच सुटला. हवा भरपूर असलेल्या पाण्यात बुडबुडे लवकर होतात खरे. पण ते हवेने भरलेले असल्यामुळे मिटताना उशीसारखे दबतात आणि त्यांचा तडाखा सौम्य पडतो. शिवाय ते बुडबुडे ध्वनीला पुढे जाऊ देत नाहीत. हवा निघून गेलेल्या पाण्यात बुडबुडे उशिरा होतात, पण ते कडाडून मिटतात. लवकर सुरुवात म्हणजे चांगले काम असे नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात

हे सर्व परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मुंबईत माटुंगा येथे १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञानाची संस्था, जिला बरीच वर्षे यू.डी.सी.टी. म्हणत व जिचे आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी असे नाव आहे, तेथे प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅव्हिटेशनवर दीर्घकाळ काम केले. ध्वनीने बुडबुडे करणे मोठ्या कारखान्याला महाग पडते. तेव्हा पाणी पंपाने भोकाच्या चकतीतून जोरात सोडून तेच काम स्वस्तात साधता येईल का, हा त्यांचा विचार. रेनॉल्ड्स यांच्या चिमटलेल्या नळीचाच हा नातू म्हणावयाचा! प्रा. पंडित आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ साली या पद्धतीने तेलांचे विघटन करून दाखविले. २००१ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून विंधन विहिरीचे पाणी कॅव्हिटेशनने निर्जंतुक करण्यासंबंधीचे काम प्रसिद्ध झाले. या पद्धतीतही पोकळीची सुरुवात कागदावरील हिशेबापेक्षा आधीच होते, आणि कारण तेच : पाण्यात विरघळलेली हवा.

पुण्यात पाषाण येथे १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अलीकडच्या काळात पाण्याला भोवऱ्यासारखे फिरवून पोकळी निर्माण करण्याच्या आणि त्याद्वारे कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या रीतीवर संशोधन झाले आहे.

आणि आपले पिंपरी-चिंचवड! १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या माळरानांवर कारखान्यांची छपरे दिसू लागली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे उद्योग चाकणपर्यंत पसरले. मोटारी, दुचाकी, बेअरिंग, इंजिने यांच्या या पट्ट्यात भागाच्या भोकात राहिलेला केसाएवढा कीसही इंजिन बिघडवू शकतो. म्हणून मोठ्या कारखान्यांपासून शेडमधल्या लहान वर्कशॉपपर्यंत अशा टाक्या चालू असतात. हजारो घरांच्या चुली ज्या कामांवर पेटतात, त्यांपैकी एक काम पाण्यातील या न दिसणाऱ्या बुडबुड्यांवर चालते.

डब्यातील कागदाची परीक्षा

हे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला बोलावून घेतले. पुस्तकातील एक साधी परीक्षा त्याला सांगितली. चपात्या गुंडाळण्याचा चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद घ्यावा. त्याची पट्टी टाकीत उभी धरावी. बुडबुडे खरोखर कडाडून मिटत असतील तर त्या कागदाला अर्ध्या-एक मिनिटात टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. नसतील तर कागद तसाच राहतो. ना हायड्रोफोन हवा, ना आयोडीन.

दुसऱ्या दिवशी त्याने अम्मीने डब्यात गुंडाळून दिलेला कागद वापरला. सकाळी टाकीत नळाचे ताजे पाणी भरल्याबरोबर त्याने पहिली पट्टी धरली. कागद जवळजवळ तसाच निघाला. वीस मिनिटे टाकी भागांशिवाय चालू ठेवली आणि दुसरी पट्टी धरली. तिला चाळणीसारखी भोके पडली होती. आवाजही बदलला होता. आधी नुसती गुणगुण होती, आता चर्र असा तीक्ष्ण आवाज येत होता.

कारण आता आपल्याला कळते. नळाच्या ताज्या पाण्यात हवा भरपूर विरघळलेली असते. रात्री भरून ठेवलेल्या पेल्याच्या कडेला सकाळी जे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ती हीच हवा. टाकी काही वेळ रिकामी चालविली की ध्वनीनेच ती हवा बाहेर निघते आणि मग खरे काम सुरू होते. सकाळचा पहिला लॉट या वीस मिनिटांच्या आत धुतला जात होता. दोष मुलाचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. सुरुवात केव्हा झाली हे कोणी तपासले नव्हते, एवढेच.

त्याने दोन्ही पट्ट्या सुपरवायझरपुढे ठेवल्या. आता तेथे पाळी सुरू होण्यापूर्वी टाकी चालू केली जाते आणि दर सोमवारी कागदाची परीक्षा होते. पहिला लॉट पास होतो. कापलेली मजुरी मात्र परत मिळाली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आईच्या पोटातील बाळ

उंबरठा ओलांडणे हे टाकीत हवेसे असते. दुसऱ्या एका ठिकाणी तो ओलांडला जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. गरोदर मातांची सोनोग्राफी हाही श्राव्यातीत ध्वनीच आहे. त्यामुळे शरीरात बुडबुडे फुटणार नाहीत ना, अशी शंका एखाद्या सुज्ञ पालकास येणे साहजिक आहे. शास्त्रज्ञांनीही ती घेतली होती. आपफेल आणि हॉलंड यांनी १९९१ साली केलेल्या गणिताच्या आधारे सोनोग्राफीच्या पडद्यावर 'एम.आय.' म्हणजे यांत्रिक निर्देशांक दाखविण्याची पद्धत आली. ध्वनीचा ताण जितका अधिक तितका हा आकडा मोठा. कंपनसंख्या जितकी अधिक तितका तो लहान, कारण जलद लाटेत बुडबुड्याला फुगावयास वेळच मिळत नाही. अमेरिकेत या आकड्याची कमाल मर्यादा १.९ ठरविण्यात आली आहे. गर्भजलात व बाळाच्या शरीरात हवेचे ठिपके जवळजवळ नसतात, त्यामुळे तेथील उंबरठा उंच असतो. फुप्फुस व आतडी यांत हवा असल्याने तेथे अधिक जपावे लागते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेपुरत्या केलेल्या तपासणीची भीती बाळगू नये. परंतु हौसेखातर ती वारंवार करूही नये.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत तुम्हांला शोधाचे वर्ष आणि शोधकाचे नाव विचारले जाते. ते पाठ करावेच लागेल. परंतु या इतिहासात रेनॉल्ड्स, पार्सन्स, रेली, हार्वे यांनी काय केले ते पाहा. यंत्र चालू आहे, आवाज येतो आहे, एवढ्यावर त्यांपैकी एकानेही समाधान मानले नाही. काम खरोखर सुरू झाले का, हे प्रत्येकाने स्वतः तपासून पाहिले. चाकणच्या मुलाने डब्यातील कागदाने नेमके तेच केले.

पालकांनाही एक विनंती करावीशी वाटते. मुलगा किंवा मुलगी कारखान्यात लागली की शिक्षण संपले असे आपण समजतो. वस्तुतः तेथे शिकावयाचे फार असते. घरी आल्यावर "पगार किती झाला?" याबरोबरच "आज काय पाहिलंस?" असेही विचारीत जावे. माझ्या विद्यार्थ्याने तो प्रश्न मनातच ठेवला असता, तर आज तो त्या टाकीपाशी नसता.

हल्ली तो रात्री डिप्लोमाचा अभ्यास करतो. मागच्या महिन्यात त्याने शाळेत येऊन नववीच्या मुलांना भोके पडलेला तो कागद दाखविला. मुलांनी तो उजेडासमोर धरला, तेव्हा त्यातून बारीक बारीक तिरीप आत आली. तो कागद आता आमच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवला आहे.